रेवदंड्याचा पूल आणि बॅटरीची सायकल

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना सायकल येते? सगळ्यांनाच! आणि चढ आला की किती जण खाली उतरून सायकल ढकलतात? लाजू नका. मीसुद्धा ढकलतो.

आज मी तुम्हाला एका चढाचीच गोष्ट सांगणार आहे. चढ तसा मोठा नाही. रायगड जिल्ह्यात अलिबागहून मुरुडकडे निघालं की वाटेत रेवदंडा लागतं. तिथं कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या खाडीवर पूल आहे आणि त्या पुलावर जाताना हा चढ लागतो. मोटारीतल्या माणसाला तो कळतही नाही. पण आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो चढून जायला पन्नास वर्षांहून जास्त काळ लागला!

कसा ते ऐका.

अण्णांचं लहानपण नागावात गेलं. नारळ-सुपारीच्या वाड्या, विहिरी आणि पलीकडे समुद्र. शाळा मात्र अलिबागला. रोज सायकलवरून जायचे-यायचे. मॅट्रिकच्या वर्षी ते आणि त्यांचा एक मित्र सायकली काढून कोर्लईचा किल्ला बघायला निघाले. रेवदंड्यापर्यंत मजेत गेले. पण तेव्हा खाडीवर पूलच नव्हता. होडीनं पलीकडे जावं लागे. दोघांच्या खिशात मिळून होडीपुरतेही पैसे नव्हते. समोर पाण्यापलीकडे डोंगरावरचा किल्ला दिसत होता. थोडा वेळ बघत बसले आणि परत फिरले.

पुढं नोकरीसाठी अण्णा मुंबईला आले. पूल झाला. अण्णा एस. टी.तून आणि मोटारीतून कितीतरी वेळा त्यावरून गेले. पण सायकलवरून जायचं राहून गेलं. मग गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवायला हरकत नाही, पण गुडघ्यावर जोर देऊ नका." आता जोर न देता चढ कसा चढायचा? अण्णांनी सायकल गॅलरीत उभी केली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली.

अण्णा एकाहत्तर वर्षांचे झाले, त्या दिवशी माझी नववीतली भाची त्यांना म्हणाली, "आजोबा, बॅटरीची सायकल घ्या ना! चढावर मोटर ढकलते. तुम्ही नुसतं पेडल फिरवायचं."

अण्णांचा चेहरा असा काही उजळला, की मी दुसऱ्याच आठवड्यात बेत ठरवला. आणि घाईघाईत ठरवलेल्या बेताचं जे होतं, तेच आमच्या बेताचं झालं.

अलिबागला उतरून आम्ही अण्णांसाठी एक इलेक्ट्रिक सायकल भाड्यानं घेतली. दिसायला ऐटबाज! जाडजूड टायर, लहान चाकं, पुढं लखलखता दिवा. सीट सोफ्यासारखी मऊ. मूठ पिळली की पेडल न मारताही पळायची. "एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर," असं मालकानं सांगितलं. अलिबाग ते कोर्लई साधारण चोवीस किलोमीटर. जाऊन-येऊन अठ्ठेचाळीस. म्हणजे झालंच की काम!

अण्णा मूठ पिळून पुढं, मी आणि भाची आमच्या साध्या सायकलींवर धापा टाकत मागं. आक्षी गेलं, नागाव गेलं, चौल गेलं. रेवदंड्याच्या जुन्या पोर्तुगीज तटातून रस्ता जातो, तोही मागं पडला. समोर पूल दिसला. अण्णांनी हात वर केला आणि तेवढ्यात मोटर एकदा घरघरली नि गप्प झाली. बॅटरी संपली!

साठ किलोमीटर कुठं आणि सतरा कुठं!

"पेडल मारून जातो," अण्णा म्हणाले. पण ती सायकल तीस किलोची. गिअर एकही नाही. सीट इतकी खाली की गुडघे हँडलला लागतील. वीसेक पेडलं मारली आणि अण्णा गुडघा धरून उतरले. पुन्हा तीच जागा, तीच खाडी, आणि समोर तोच किल्ला. आम्ही टेम्पो करून परत आलो. अण्णा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा गुडघा तीन दिवस सुजलेला होता, आणि तो माझ्यामुळे. कारण मी सायकलचं फक्त रूप बघितलं होतं.

घरी आल्यावर भाचीनं गणिताची वही काढली. "मामा, साठ किलोमीटर कुठून आले?" तिनं विचारलं.

तुम्हीही वही घ्या पाहू. बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात. एक व्होल्ट आणि दुसरा अँपिअर-तास. दोघांचा गुणाकार केला की बॅटरीत किती वॅट-तास शक्ती मावते ते कळतं. ही बॅटरीची पाण्याची टाकीच समजा. त्या भाड्याच्या सायकलची टाकी होती ३६ गुणिले ७, म्हणजे २५२ वॅट-तास. आता खर्च किती? नुसती मूठ पिळून, जाड टायरची जड सायकल जोरात पळवली तर एका किलोमीटरला १५ वॅट-तासांच्या आसपास सहज जातात. २५२ भागिले १५ करा. उत्तर सतराच्या जवळ येतं की नाही? अगदी पुलाच्या पायथ्याशी!

मग साठ हा आकडा खोटा का? अगदी खोटा नाही. हलका माणूस, सपाट रस्ता, वारा नाही, मोटर सगळ्यात कमी जोरावर आणि पेडल स्वतः मारायचं, असं सगळं जुळून आलं तर तितकं अंतर जाताही येतं. पण आपला प्रवास असा होत नाही. म्हणून विकणाऱ्याच्या किलोमीटरवर जाऊ नका. वॅट-तास विचारा आणि भागाकार स्वतः करा.

आम्ही मग शहाण्यासारखे तीन दुकानं हिंडलो. जाताना भाचीनं प्रश्न लिहून नेले होते. तुमच्या घरी अशी सायकल घ्यायचा विचार चालला असेल, तर आईबाबांना हा भाग वाचून दाखवा.

तिची पहिली परीक्षा ऐकून दुकानदार चकितच झाला. "काका, आधी मोटर बंद करून चालवून बघू का?"

"अगं, मोटरसाठीच तर घेताय ना!"

"हो, पण बॅटरी संपली तर?"

मोटर बंद केल्यावर पहिली सायकल चिखलातून ओढल्यासारखी चालली. दुसरी बरी होती. तिसरी साध्या जड सायकलीसारखी चालली. तिला सात गिअर होते, चाकं नेहमीच्या मापाची आणि टायर बेताचे रुंद. म्हणजे खड्ड्यात दणका कमी बसेल, पण रस्त्याला चिकटून बसणार नाहीत. अशा सायकली साध्या सायकलीपेक्षा जड असतातच. वीस-बावीस किलो वजन चालतं. उचलून बघा. घराच्या दोन पायऱ्या चढवता आल्या पाहिजेत.

दुसरी परीक्षा बसण्याची. अण्णा एका मऊ सीटवर बसून खूश झाले होते. पण मऊ सीट पाच किलोमीटर सुख देते आणि वीस किलोमीटरवर टोचायला लागते. सीट थोडी घट्टच बरी. आणि तिची उंची? सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या, टाच त्यावर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघा किंचित वाकतो, तेच योग्य. सीट खाली असली तर प्रत्येक पेडलला गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. पहिल्या वेळी अण्णांचं हेच झालं होतं. अण्णांना दांड्यावरून पाय टाकणं जमत नाही, म्हणून आम्ही दांडा खाली असलेली सायकल बघितली. हँडलही थोडं उंच, म्हणजे पाठ फार वाकायला नको.

तिसरी परीक्षा मोटरची. मागच्या चाकाच्या मधोमध जो फुगीर डबा दिसतो ना, त्यात ती असते. आत तांब्याच्या तारेची वेटोळी आणि चुंबकं. तारेतून वीज गेली की तीही चुंबक होतात आणि ढकलाढकली सुरू होते. काही सायकलींना मोटर पेडलपाशी असते. तिला गिअरचाही फायदा मिळतो, पण अशा सायकली महाग पडतात. ही कल्पना किती जुनी असेल? अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थांनी मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट १८९५ साली घेतलं होतं! पेडल मारलं तरच मदत करणारी सायकल मात्र जपानच्या यामाहा कंपनीनं १९९३ साली बाजारात आणली.

ही मदतही दोन तऱ्हांनी मिळते. काही सायकलींना फक्त पेडल फिरतंय एवढंच कळतं. फिरलं की त्या एकदम ढकलतात. काहींना तुम्ही किती जोर लावताय तेही कळतं. थोडा जोर लावला तर थोडी मदत, चढावर जास्त जोर लावला तर जास्त मदत. जणू कुणीतरी मागून पाठीवर हात ठेवून धावतंय, असं वाटतं. ही दुसरी तऱ्हा अण्णांच्या गुडघ्याला मानवली.

चौथा प्रश्न मी विचारला, "मागचं चाक पंक्चर झालं तर?" मोटरची वायर सोडवता येते का, नट कोणत्या पान्यानं निघतो, हे आम्ही दुकानातच करून बघितलं. लांबच्या रस्त्यावर हे माहीत नसेल तर चांगली सायकलही रडवते. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते ना, तेही तपासलं. आणि बॅटरी जुनी झाल्यावर नवी मिळेल का, केवढ्याला, हमी किती वर्षांची आणि ती कागदावर लिहिलेली आहे का, हे अण्णांनी विचारलं. सगळ्या सायकलीत महाग वस्तू म्हणजे ती बॅटरी. दर चार्जिंगबरोबर ती हळूहळू म्हातारी होत जाते.

"आणि लायसन्स?" भाचीनं विचारलं. मोटर २५० वॅटपर्यंतची आणि मोटरवरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. पण सायकल म्हणून विकलेली गाडी त्याहून जोरात पळत असेल तर सावध! आणि डोकं मात्र सगळ्यांचं सारखंच नाजूक असतं. हेल्मेट हवंच.

शेवटी आम्ही जी घेतली तिची टाकी ३६ गुणिले १४, म्हणजे ५०४ वॅट-तासांची. भाचीनं लगेच हिशेब मांडला. चौथा हिस्सा राखून ठेवायचा, कधीच वापरायचा नाही. उरले ३७८. अण्णा स्वतः पेडल मारणार, तेव्हा किलोमीटरला आठ धरू. ३७८ भागिले ८, सत्तेचाळीस!

"मामा, एक किलोमीटर कमी पडतोय!"

आम्ही खूप हसलो. मग ठरवलं, चार्जर बरोबर घ्यायचा आणि जेवायला थांबू तिथं दोन तास लावायचा. पण त्याआधी महिनाभर अण्णांनी रोज पहाटे सराव केला. पाच किलोमीटर, मग दहा, मग वीस. बॅटरीची घाई नव्हती, गुडघ्याची होती.

थंडीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. ही बोट २०२० साली सुरू झाली. मोटारी पोटात घेऊन ती तासाभरात पलीकडे पोचते. मांडव्याहून झिराड, चोंढी करत अलिबाग साधारण वीस किलोमीटर. तो दिवस तेवढाच. रात्री मुक्कामाला पोचल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावली नाही. आधी गार होऊ दिली. चार्जर तिचाच वापरायचा, दुसरा कुठला नाही, आणि उशाशी लावून झोपायचं नाही, हेही लक्षात ठेवा. ती रिकामी बॅटरी पूर्ण भरायला वीज लागते अर्ध्या युनिटच्या आसपास. एक पंखा सातआठ तास चालवाल तेवढीच!

रविवारी सकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. कुलाबा किल्ल्याकडे माणसं चालत निघाली होती. अलिबागमधली एक वेधशाळा भाचीला बघायची होती. ही पावसाची नाही बरं का, पृथ्वीच्या चुंबकत्वाची! आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालत असे. पण मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहानं मोजमापात गडबड होणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ट्राम विजेवर धावू लागली १९०७ साली.

"म्हणजे आजोबांच्या सायकलनंसुद्धा काटा हलेल?" भाचीनं हळूच विचारलं.

"माझी सायकल लाजाळू आहे," अण्णा म्हणाले, "चल, लांबूनच नमस्कार कर."

आक्षी आलं. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक इथं सापडला आहे. पुढं नागाव. अण्णांनी घंटा वाजवत एक वाडी दाखवली. "इथं आमची विहीर होती." मग चौल. एके काळी हे मोठं बंदर होतं. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथं उतरला होता. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा आणि गार सावली. मोटारीतून जाताना या वाटेवर ओल्या पाल्याचा वास येतो हे मला कधी कळलंच नव्हतं.

रेवदंड्याचा तट ओलांडला आणि समोर पूल आला.

अण्णा थांबले. पाणी प्यायले. एक गिअर खाली आणला, मदतीचा आकडा दोनवरून तीनवर नेला. आम्ही काही बोललो नाही. मग ते निघाले. पेडल सावकाश फिरत होतं, गुडघा ताणलेला दिसत नव्हता आणि मोटरचा अगदी बारीक आवाज येत होता. आम्ही मागून धापा टाकत होतो. चढ संपला. खाली कुंडलिकेचं पाणी चमकत होतं, होड्या डुलत होत्या. अण्णांनी घंटा वाजवली. एकदा नाही, पूल संपेपर्यंत वाजवत राहिले!

कोर्लई गावात शिरलो. या गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली एक वेगळी बोली बोलतात. तिचं नाव 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजांचं राज्य इथून १७४० साली संपलं, पण बोली अजून टिकली आहे. किल्ल्याच्या डोंगराखाली दीपगृह आहे. भाची आणि मी वर चढलो. अण्णा खालीच बसले. वरून पाहिलं तर ते पलीकडच्या रेवदंड्याच्या किनाऱ्याकडे बघत होते. पन्नास वर्षांपूर्वी जिथं उभे होते, त्या जागेकडे.

जेवायला एका घरगुती खाणावळीत थांबलो. "ताई, बॅटरी लावू का? विजेचे पैसे देतो," असं आधी विचारलं. न विचारता कुणाच्या घरात प्लग घालायचा नाही, हे सांगायला नकोच. माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होईपर्यंत दोन तास गेले.

परतीला समुद्रावरून वारा सुटला, तोही समोरून. अशा वाऱ्यात बॅटरी भराभर संपते. राखून ठेवलेला चौथा हिस्सा कशाला, ते तेव्हा कळलं. पण पूल पुन्हा चढला आणि चौलच्या सावलीत पोचलो, तेव्हा अण्णांच्या सायकलवर पाचापैकी तीन रेघा शिल्लक होत्या. एकाएकी मोटरचा आवाज बंद झाला. माझ्या पोटात गोळाच आला!

"अण्णा, बॅटरी गेली का?"

"नाही रे. मीच बंद केली."

"का?"

"रस्ता सपाट आहे, सावली आहे. जमतंय मला." आणि ते पेडल मारत पुढं गेले. साध्या सायकलीसारखे.

मुलांनो, पहिल्या सायकलची बॅटरी संपली तेव्हा आमच्या हातात तीस किलोचं ओझं उरलं होतं. या सायकलची मोटर बंद केली तरी हातात सायकलच राहिली. दोन्हींतला सगळा फरक एवढाच, आणि तो दुकानात पाच मिनिटांत कळतो. फक्त मोटर बंद करून बघायचं सुचलं पाहिजे.

आता एक काम करा. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, सायकलवरून जायचं राहिलेलं एखादं गाव आहे का? असेल तर वही काढा. अंतर किती, चढ कुठं, जेवायला कुठं थांबायचं, सगळं लिहा. आणि भागाकार करताना चौथा हिस्सा राखून ठेवायला विसरू नका!